शिकवायला निघालेला माणूस : धर्मानंद कोसंबी

दसरा झाला की आमच्या येरमाळ्याच्या चौकातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोपीचे सामान, एखादी शेळी, लेकरे आणि कोयते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने घराला कुलूप. सहा महिने गाव सोडणे आमच्या वस्त्यांना नवे नाही. पण आजवर आपण गाव सोडले ते बहुतेक वेळा पोटासाठी आणि कर्जासाठी.

यंदा त्याच चौकातून आमच्या वस्तीतली एक मुलगी सहा महिन्यांसाठी निघाली आहे. तिच्या हातात कोयता नाही, पुस्तके आहेत. थायलंडमधल्या एका शाळेत नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या सत्रात ती इंग्रजी शिकवणार आहे. तिची आजी ऊसतोडीला जात असे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात तिचा छोटासा निरोप समारंभ झाला. खिरीच्या वाट्या फिरल्या आणि मग प्रश्नही फिरू लागले. आपल्याच लेकरांना धड इंग्रजी येत नाही, मग दुसऱ्यांची लेकरे शिकवायला एवढ्या लांब कशाला, असे एका काकांनी विचारले. एकटी मुलगी कशी राहील, हा दुसरा प्रश्न. एकदा बाहेर गेलेला माणूस वस्तीकडे वळून बघत नाही, हा तिसरा. आणि हा तिसरा प्रश्न विचारणाऱ्यांकडे उदाहरणेही होती.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. त्याऐवजी एका माणसाची गोष्ट सांगितली. तो सव्वाशे वर्षांपूर्वी एका खेड्यातून निघाला, आधी शिकण्यासाठी परदेशी गेला, मग शिकवण्यासाठी गेला, आणि दर वेळी परत आला. त्याचे नाव धर्मानंद कोसंबी. ९ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस. आपल्या विहारांच्या कपाटात त्यांचे 'भगवान बुद्ध' बहुधा असतेच, पण हा माणूस जगला कसा हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. म्हणून तीच गोष्ट इथे थोडी सविस्तर.

सांखवाळचा मुलगा

कोसंबींचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. घर गौड सारस्वत ब्राह्मणांचे, वडिलांचे नाव दामोदर. घरात नारळीची बागायत होती, पण पैशाची ओढाताणही होती. धर्मानंदांची शाळा मध्येच सुटली. प्रकृती नाजूक, शिक्षण अर्धवट आणि अंगावर बागायतीचे काम. चौदा-पंधरा वर्षांचे असतानाच त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई.

शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही. मराठी पुस्तके, मासिके जे मिळेल ते ते वाचत. 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटे चरित्र वाचले आणि त्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. लक्षात घ्या, तो विद्वानांचा ग्रंथ नव्हता, लहान मुलांसाठी लिहिलेला मजकूर होता. मग बुद्धाबद्दल आणखी वाचावे असे वाटले तर मराठीत जवळजवळ काहीच नव्हते. ज्या भूमीत अजिंठा, वेरूळ, कार्ले, नाशिकची लेणी आहेत, जिथे आमच्या जिल्ह्यातले तेर हे कधीकाळी तगर या नावाने रोमपर्यंत व्यापार करणारे नगर होते आणि तिथे बौद्धांचे स्तूप-चैत्य होते, त्या भूमीच्या भाषेत बुद्धाची माहिती उरली नव्हती. ती बाहेर होती, सिंहली, बर्मी, सयामी लिपीत. आपलेच धन आणायला बाहेर जावे लागणार होते.

१८९९ साली त्यांना मुलगी झाली, माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी घर सोडले. खिशात फार पैसे नव्हते, हातात प्रमाणपत्र नव्हते, इंग्रजी येत नव्हते. एकच गोष्ट ठरलेली होती : बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा आणि तो आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचा.

आधी विद्यार्थी

संस्कृत शिकल्याशिवाय पुढची वाट उघडणार नाही हे त्यांच्या लक्षात आले. पुण्यात ते डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले, प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या संपर्कात आले. तिथून मध्य भारतातून वाट काढत १९०० साली काशीला पोहोचले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. दिवस हालाचे होते.

इथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. काशीचे ते अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होते, आणि ती पाठशाळाही. कोसंबी उपाशी राहिले, थंडीत कुडकुडले, हे खरेच. पण त्याच वर्षी आपल्या वस्तीतला एखादा तितकाच हुशार, तितकाच जिद्दी मुलगा काशीला गेला असता, तर त्याला छत्राच्या पंगतीत बसता आले नसते आणि गुरुजींच्या ओसरीवरही चढता आले नसते. कष्ट सारखे असले तरी दार सारखे नव्हते. कोसंबींचा आदर करताना ही गोष्ट विसरायचे कारण नाही. उलट ती लक्षात ठेवली तरच आज आपल्या मुलीसाठी जे दार उघडले आहे त्याची किंमत कळते, आणि ते कोणी उघडले हेही कळते.

संस्कृत आले, पण बुद्ध भेटला नाही. १९०२ साली ते नेपाळला गेले. तिथे जिवंत बौद्ध धर्म सापडेल अशी आशा होती. प्रत्यक्षात जे दिसले त्याने ते निराश झाले. बोधगयेला आल्यावर कळले की शिकायचे असेल तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जावे लागेल. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मंडळींची मदत झाली. त्याच वर्षी ते मद्रासमार्गे कोलंबोला पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली शिकू लागले. तिथेच त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली.

परदेशी गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात जे भोगावे लागते ते सगळे त्यांनी भोगले. भाषा वेगळी, लिपी वेगळी, जेवण वेगळे, दुपारी बारानंतर खायचे नाही हा नियम वेगळा. पण त्यांनी सिंहली लिपी शिकून घेतली आणि पाली ग्रंथ मुळातून वाचायला सुरुवात केली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षूची उपसंपदा घेतली, बर्मी लिपी शिकली, ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात काही दिवस मद्रासला राहिले. तिथे त्यांचा संबंध प्रा. लक्ष्मी नरसू आणि सिंगारवेलू यांच्याशी आला. आपल्या वाचकांना नरसूंचे नाव ठाऊक असेल. त्यांच्या बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती १९४८ साली निघाली तेव्हा तिला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली होती. म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीच्या कितीतरी आधी या धाग्यांची विणकाम सुरू झाली होती आणि कोसंबी त्यातला एक धागा होते.

सात वर्षे हा माणूस फक्त विद्यार्थी होता. शिकवण्याचा विचार नंतर आला.

अडीचशे की पन्नास

१९०६ साली कोसंबी कलकत्त्याला आले. तिथल्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवायला सुरुवात केली. भिक्षूचे चीवर उतरवून ते पुन्हा संसारात आले, गोव्याला जाऊन बाळाबाईंना घेऊन आले. विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जींसारखा पाठीराखा होता. महिना अडीचशे रुपये मिळतील अशी सोय होत होती. नावापुढे एकही पदवी नसलेल्या माणसाला त्या काळात याहून जास्त काय हवे?

पण कोसंबींना महाराष्ट्रात काम करायचे होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये, तीन वर्षे, देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. कोसंबींनी अडीचशे सोडून पन्नास घेतले. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक निघाले. सामान्य मराठी माणसाला हातात धरून वाचता येईल अशा पहिल्या बौद्ध पुस्तकांपैकी हे एक.

हेच सयाजीराव १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. एका राजाच्या तिजोरीतून निघालेल्या दोन लहान रकमा. एकीने मराठीत पाली आणली, दुसरीने या देशाचा इतिहास बदलला. शिष्यवृत्ती ही भीक नसते, ती पेरणी असते. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी आपल्या किती तरुणांनी अर्ज भरला, हे प्रत्येक विहाराने स्वतःला विचारावे.

हार्वर्ड : शिकवणारा परदेशी

याच काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. त्यांना पाली शिकायची होती. कोसंबींनी त्यांना शिकवले. वुड्स मायदेशी परतले आणि तिथून कोसंबींना बोलावणे आले. हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या महाग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. ते पुरे होण्याआधीच १८९९ साली वॉरन वारले. हस्तलिखिते सिंहली आणि बर्मी लिपीतली होती. ती वाचणारा, पाली परंपरेच्या आतून शिकलेला माणूस हवा होता.

१९१० साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, शाळा अर्धवट सोडलेला सांखवाळचा मुलगा हार्वर्डला गेला. इंग्रजी त्यांनी शाळेत शिकलेली नव्हती. प्रौढ वयात, कामाच्या गरजेपोटी, स्वतःच धडपडून आत्मसात केली होती. ती अस्खलित नव्हती. पण हार्वर्डने त्यांना इंग्रजीसाठी बोलावलेच नव्हते. जे त्यांच्याकडे होते ते हार्वर्डकडे नव्हते. आमच्या मुलीला आम्ही हेच सांगितले : आपले इंग्रजी कुणापेक्षा उणे आहे का, या भीतीत सहा महिने घालवू नकोस. तुझ्याकडे असे काय आहे जे तिथल्या वर्गात दुसऱ्या कुणाकडे नाही, ते शोध.

हार्वर्डची गोष्ट मात्र गोड नाही. प्रा. लॅनमन हे तिथल्या संस्कृत विभागाचे मोठे नाव. ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव, कोणाला किती श्रेय, यावरून कोसंबींचे आणि त्यांचे बिनसले. रात्रंदिवस पाठ तपासायचे कोसंबींनी आणि नाव मुख्यतः दुसऱ्यांचे, हे त्यांना मान्य नव्हते. तडजोड करून राहता आले असते. पगार होता, प्रतिष्ठा होती. १९१२ च्या सुरुवातीला ते काम अर्धवट सोडून परत निघाले.

ही गोष्ट आपल्या तरुणांनी नीट वाचावी. गरिबीतून आलेल्या माणसाला परदेशातली संधी ही कृपा वाटते, आणि कृपा वाटली की तो हक्क मागत नाही. कोसंबींनी कृपा मानली नाही. त्यांनी काम केले होते आणि कामाचे नाव मागितले.

भांडण झाले म्हणून ते कामावर रुसून बसले नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे. वुड्स यांच्या आग्रहावरून १९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला गेले आणि १९२२ पर्यंत राहिले. श्रेयाचा वाद पुन्हा निघाला, पुन्हा परत आले. लॅनमन निवृत्त झाल्यावर १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा जाऊन त्यांनी काम पुरे केले. १९३१-३२ मध्ये चौथी फेरी झाली. हार्वर्डच्या मालेत तो ग्रंथ अखेर १९५० साली छापून आला. तेव्हा कोसंबी हयात नव्हते. पण ग्रंथावर वॉरन यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. त्याआधी १९४० साली त्यांनी स्वतः संपादित केलेला देवनागरी 'विसुद्धिमग्ग' मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केला होता. परदेशासाठी केलेले काम त्यांनी आपल्या लिपीत आणून ठेवले. जे बाहेर दिले ते घरीही दिले.

परत आल्यावर काय केले

बाहेर गेलेला माणूस वस्तीकडे वळून बघत नाही, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोसंबींच्या परतीच्या वर्षांत आहे.

१९१२ ला परत आल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले आणि सहा वर्षे शिकवले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळावी म्हणून त्यांनी भांडारकरांच्या मदतीने प्रयत्न केले आणि ती मिळाली. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांच्यासारखे पालीचे अभ्यासक तयार झाले. १९५६ साली बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीनिमित्त केंद्र सरकारने बौद्ध धर्मावर जो मोठा ग्रंथ काढला त्याचे संपादन याच बापटांनी केले. त्याच वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय बुद्धाला शरण गेला. त्या जनतेच्या हातात द्यायला मराठीत जी थोडी पुस्तके तयार होती, त्यात कोसंबींची होती.

दुसऱ्या अमेरिकावारीनंतर ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. तिथे त्यांची पुस्तके गुजरातीतही निघाली. 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय', जातककथा, सुत्तनिपाताचा अनुवाद, असे एकामागून एक काम होत गेले. १९२४ साली 'निवेदन' हे आत्मचरित्र आले. नंतर 'भगवान बुद्ध' आले. त्यात त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाजूला ठेवली आणि जुन्या सुत्तांच्या आधारे शाक्य-कोलियांचे भांडण, शस्त्र उचलणाऱ्या माणसांची भीती, हे कारण पुढे आणले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो, हे आपण जाणतोच.

लेनिनग्राडचे ते सत्र

१९२९ साली कोसंबी सोविएत रशियात, लेनिनग्राडला, पाली शिकवायला गेले. वय बावन्न. हार्वर्डला ते ग्रंथ संपादायला गेले होते. इथे मुख्य काम शिकवण्याचे होते. तिथे श्चेरबात्स्की यांच्यासारखे बौद्ध न्यायाचे जाणकार होते. त्यांना महायानाची, संस्कृत आणि तिबेटी ग्रंथांची परंपरा माहीत होती. पालीची परंपरा आतून जाणणारा शिक्षक हवा होता.

कोसंबी अमेरिकेत असतानाच समाजवादाकडे ओढले गेले होते. कामगारांचे राज्य म्हणतात ते कसे असते हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. शिकवायला जायचे आणि बघूनही यायचे, असा तो प्रवास होता. त्या राज्याबद्दल त्यांना जिव्हाळा वाटला. पुढे स्टालिनच्या दडपशाहीत, १९३७ च्या सुमारास, त्याच शहरातल्या बौद्धविद्येच्या अभ्यासकांवर अटकेची आणि मृत्युदंडाची वेळ आली. परक्या देशात थोडे दिवस राहून आलेल्या पाहुण्याला सगळे दिसत नाही. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सहा महिन्यांत देश कळत नाही. फार तर आपल्याला काय कळत नाही ते कळते.

मुक्काम लांबला नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा कोसंबी मायदेशी होते. सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. लेनिनग्राडचा वर्ग आणि इथला तुरुंग, मध्ये फारसे अंतर नाही.

परळचा विहार आणि आपले मतभेद

१९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर दोनेक वर्षांत, १९३७ च्या सुमारास, कोसंबींनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. नाव बघा : बहुजन. चार विद्यापीठांत शिकवलेला माणूस आता गिरणी कामगारांमध्ये, अस्पृश्य मानलेल्या माणसांमध्ये बसून बुद्ध सांगत होता. विहारासाठी पैसा जुगलकिशोर बिर्ला यांनी दिला. ज्यांच्यासाठी विहार होता त्यांच्या हाती मात्र त्याची सूत्रे नव्हती. दोन-तीन वर्षांत कोसंबी तिथून बाहेर पडले. ज्या संस्थेचा पैसा दुसऱ्याचा, तिचा आत्माही हळूहळू दुसऱ्याचा होतो, हा धडा आपल्या संस्था चालवणाऱ्यांसाठी आजही ताजा आहे.

कोसंबी गांधीजींच्या जवळचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. महाड, नाशिक, पुणे करार या सगळ्या वर्षांत ते राजकारणात आपल्या बाजूला नव्हते. जातीच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी जिथून हात घातला तिथून त्यांनी घातला नाही. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' या १९३५ च्या पुस्तकात त्यांनी पुरोहितशाहीवर कठोर टीका केली, समाजवादाची बाजू घेतली. पण मुक्तीचे नेतृत्व ज्यांचे त्यांनीच करायचे, हे सूत्र त्यांचे नव्हते. म्हणून कोसंबी आपले नेते नाहीत. ते आपले शिक्षक आहेत. शिक्षकाकडून विद्या घ्यायची असते. त्याचे राजकारण घ्यायलाच हवे असे नाही.

बाळाबाई

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. तिच्याबद्दल लिहिले नाही तर हा लेख खोटा ठरेल.

धर्मानंद बुद्धाच्या शोधात निघाले तेव्हा बाळाबाईंच्या कुशीत तान्ही माणिक होती. सुमारे सात वर्षे नवरा परत येईल की नाही याचा भरवसा नव्हता. पुढेही तो कधी पुण्यात, कधी अमेरिकेत, कधी रशियात. चार मुले वाढली. थोरला प्रवास नवऱ्याचा, पण घर बाळाबाईंनी चालवले. त्यांनी काय सोसले ते त्यांच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही.

१९१८ ला अमेरिकेला जाताना कोसंबींनी माणिक आणि मुलगा दामोदर यांना सोबत नेले. माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर पुढे गणितज्ञ आणि भारतीय इतिहासाचे मोठे अभ्यासक, दा. ध. कोसंबी, म्हणून जगाला माहीत झाले. ज्या मुलीला तान्ही असताना सोडून गेले तिलाच बापाने शंभर वर्षांपूर्वी परदेशी शिकायला नेले, ही एक प्रकारची परतफेड होती. पण बाळाबाईंची परतफेड कोणी केली नाही.

एकटी मुलगी कशी राहील, हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही हेच विचारले : पुरुष निघाला तेव्हा मागे राहिलेल्या बाईला एकटे कसे राहायचे हे कोणी विचारले होते का? ऊसतोडीला गेलेल्या बायका काय सोबतीने सुरक्षित असतात का? आज आपली मुलगी स्वतःच्या नावाच्या तिकिटावर निघते आहे. बाळाबाईपासून तिच्यापर्यंत आलेली वाट सरळ नव्हती. ती फुले दांपत्याच्या शाळेतून आणि बाबासाहेबांच्या चळवळीतून आली आहे.

निघणाऱ्यांसाठी

आयुष्याच्या शेवटी कोसंबींचे शरीर आजाराने थकले होते. जैन परंपरेचा त्यांच्यावर प्रभाव होता. अन्न सोडून देह ठेवण्याचा त्यांनी निश्चय केला आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. या निर्णयाशी आम्ही सहमत नाही. देहदंडाचा मार्ग बुद्धाने स्वतः अनुभवून सोडला होता. पण जाताना त्यांनी काय मागितले ते बघा. पुतळा नाही, समाधी नाही. आपल्या देशातले काही विद्यार्थी पाली शिकायला सिलोनला पाठवावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. १९०२ साली जो मुलगा एकटा कोलंबोच्या बंदरावर उतरला होता, त्याला वाटत होते की पुढच्यांना एकट्याने जावे लागू नये.

त्या इच्छेचे आज आपण वारस आहोत. आज आपली मुले इंग्रजी शिकवायला थायलंड, व्हिएतनामसारख्या देशांत जाऊ शकतात. हे बौद्ध संस्कृतीचे देश आहेत. पण फक्त नोकरी म्हणून गेलो तर एक सत्र संपेल आणि हातात थोडे पैसे राहतील. कोसंबींसारखे गेलो तर जास्त काही होईल.

म्हणून आमच्या मुलीला आम्ही चार गोष्टी सांगितल्या. पहिली, कागद पक्के कर. पगार, तास, राहण्याची सोय, परतीचे भाडे सगळे लेखी असू दे. पर्यटकाच्या व्हिसावर शिकवायला नेणाऱ्या दलालाच्या नादी लागू नको. तिथे कामाचा परवाना लागतोच, आणि तो नसेल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा लागतो. आपल्या माणसांना उचल म्हणजे काय हे सांगायला नको. परदेशी नोकरीची उचल मुकादमाच्या उचलीपेक्षा वेगळी नसते.

दुसरी, दिवसा शिकव आणि संध्याकाळी शीक. जवळच्या वाटमध्ये, म्हणजे तिथल्या विहारात, जा. तिथली पाली वंदना ऐक. उच्चार वेगळे वाटतील, पण त्रिशरण आणि पंचशील तेच आहे हे कानाला लगेच कळेल. सयामच्या राजाने १८९३ साली पाली तिपिटक छापून जगभरच्या ग्रंथालयांना पाठवले होते. आपल्याकडे पालीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला मिळाला त्याच दिवशी. दर्जा सरकारने दिला. शिकणारे आपल्याला द्यायचे आहेत. बाबासाहेबांनी इतर सगळ्या व्यापातून वेळ काढून पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले होते, हे विसरू नको.

तिसरी, तिथल्या लोकांना आपण कोण आहोत ते सांग. थायलंडच्या शाळेतल्या शिक्षकांना बुद्धाचा देश माहीत असतो, पण त्या देशात १९५६ साली काय घडले हे बहुतेकांना माहीत नसते. वर्गात मुलांना इंग्रजी वाक्ये शिकवताना एक वाक्य आंबेडकरांबद्दलही शिकवता येते.

आणि चौथी, परत ये. कायमची ये असे नाही. कोसंबी चार वेळा हार्वर्डला गेले. येणे म्हणजे पुन्हा न जाणे नव्हे. पण जे मिळेल ते देवनागरीत उतरव. विहारात रविवारी तासभर बसणाऱ्या पोरांसाठी सत्र संपल्यावर एक इंग्रजीचा वर्ग सुरू कर. मग पहिला प्रश्न विचारणाऱ्या काकांना उत्तर आम्हाला द्यावे लागणार नाही. त्यांची नात त्या वर्गात पहिल्या रांगेत बसलेली असेल.

टोळ्या पुढच्या आठवड्यात निघतील. त्यांच्या ट्रॉल्या येरमाळ्याच्या चौकातून सोलापूरच्या रस्त्याला लागतील, आणि त्याच रस्त्याने आमची मुलगी विमानतळाकडे जाईल. दोन्ही प्रवास सहा महिन्यांचे आहेत. एक प्रवास आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या पाठीवर लादलेला आहे. दुसरा आपण निवडला आहे. पहिला संपावा म्हणूनच दुसरा सुरू करायचा आहे.

नमो बुद्धाय, जय भीम.